शंभरातले किती, पण कोणत्या शंभरातले?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पनवेलच्या शाळेत शिक्षकांची बैठक झाली. विषय साधा होता. शाळेचे संकेतस्थळ नव्याने उभारायचे, तर ते कोणत्या प्रणालीवर? एका उत्साही सहकाऱ्याने तक्ता छापून आणला होता. त्यात वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल या तीन मुक्तस्रोत प्रणालींपुढे त्यांचा ‘बाजारातला वाटा’ दिला होता. वर्डप्रेस ६० टक्के, बाकीच्या दोन्ही एकदोन टक्क्यांच्या घरात. “साठ टक्के लोक काय वेडे आहेत?” असे म्हणून सरांनी कागद टेबलावर ठेवला. बैठक तिथेच संपायची. पण गणिताच्या बाईंनी विचारले, “साठ टक्के, पण कशाचे?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमचे पुढचे दोन आठवडे गेले. अशा तक्त्यांत खरे किती आणि भासणारे किती, हे त्या शोधातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमच्या दृष्टीने हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हता. शाळेचे पहिले संकेतस्थळ एका व्यावसायिकाने त्याच्या स्वतःच्या, बंद प्रणालीवर करून दिले होते. विज्ञान मंडळाची मुले गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला घेत आणि संकेतस्थळावर चढवत. अशा नऊ पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या. ‘आता सगळे तिथे आहेच’ म्हणून वह्या रद्दीत गेल्या. पुढे व्यवहार थांबला, संकेतस्थळ बंद झाले, आणि नोंदी बाहेर काढण्याची सोय त्या प्रणालीत नव्हतीच. दोष एकट्या त्या व्यावसायिकाचा नव्हता. काम देताना आम्ही हा प्रश्न विचारलाच नव्हता. गाढी नदीच्या काठच्या गावात नऊ पावसाळ्यांचा हिशेब हरवणे ही लहान गोष्ट नाही.

प्रणाली म्हणजे काय?

आशय-व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सीएमएस, समजायला शाळेचा सूचनाफलक डोळ्यांपुढे आणावा. फलकाची चौकट, काच, कुलूप कायम असते. आतले कागद बदलतात आणि कागद लावणाऱ्याला सुतारकाम यावे लागत नाही. सीएमएसमध्ये मजकूर एका विदासंचात साठवलेला असतो, पानाचे रूप वेगळे ठेवलेले असते, आणि कोणी पान मागितले की प्रणाली दोहोंची जुळणी करून ते दाखवते. त्यामुळे मराठीच्या शिक्षिकेलाही संगणकाची भाषा न शिकता बातमी लावता येते.

वरच्या तिन्ही प्रणाली मुक्तस्रोत आहेत. त्यांची मूळ संहिता कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी आणि त्याच अटींवर पुढे द्यावी, असा त्यांचा परवाना आहे. बेल्जियमच्या ड्रीस बाउटार्ट यांनी विद्यार्थिदशेत केलेल्या कामातून ड्रुपल जन्मले आणि जानेवारी २००१ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी आधीच्या एका मुक्त प्रणालीच्या आधारावर वर्डप्रेस रचले. त्याची पहिली आवृत्ती मे २००३ मध्ये आली. २००५ मध्ये मॅम्बो नावाच्या प्रणालीचे कार्यकर्ते वेगळे झाले आणि त्यांनी जूमला सुरू केले. हे नाव ‘सगळे मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतलेले आहे. एकूण बेरीज या अर्थाचा आपला ‘जुमला’ हा शब्दही त्याच अरबी घराण्यातला.

जे विकले जात नाही त्याचा बाजार

येथेच पहिली अडचण येते. साबणाचा बाजारातला वाटा काढताना विकलेल्या वड्या मोजतात. मुक्तस्रोत प्रणालीला ना किंमत, ना पावती. मग मोजायचे काय? यासाठी तीन वाटा रूढ आहेत आणि तिन्हींना खाचखळगे आहेत.

पहिली वाट म्हणजे प्रणाली किती वेळा उतरवून घेतली ते मोजणे. पण एकच विद्यार्थी प्रयोग म्हणून दहा वेळा उतरवून एकही संकेतस्थळ चालू करत नाही, तर दुसरा एकदा उतरवून पन्नास संकेतस्थळे उभारतो. रिक श्रीव्हज यांनी २००८ पासून काही वर्षे मुक्तस्रोत प्रणालींच्या बाजारवाट्याचे अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत प्रत्यक्ष वापराच्या खुणा आणि नावाचा बोलबाला यांचा वेगवेगळा विचार केला होता, हे त्यांचे वैशिष्ट्य. हीच तीन नावे तेव्हाही आघाडीवर होती.

दुसरी वाट म्हणजे प्रणालीनेच आपली हजेरी कळवणे. ड्रुपलची संकेतस्थळे नवी सुधारणा आली का, अशी विचारणा मध्यवर्ती ठिकाणी करतात आणि त्या विचारणांवरून संख्या काढली जाते. ज्यांनी ही विचारणा बंद ठेवली ते गैरहजर. वर्गात असून ‘हजर’ न म्हणणाऱ्या मुलासारखी त्यांची गत होते.

तिसरी आणि आज सर्वांत प्रचलित वाट म्हणजे संकेतस्थळांची पाने उघडून खुणा शोधणे. वर्डप्रेसच्या पानाच्या मूळ संहितेत बहुधा ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ अशी अक्षरे सापडतात. चिखलातल्या ठशावरून प्राणी ओळखावा तसे हे आहे. डब्ल्यू-थ्री-टेक्स ही संस्था याच रीतीने आकडे देते आणि सहकाऱ्याच्या तक्त्यातले साठ टक्के त्याच जातीचे होते. पण ज्याने ठसे पुसले तो या गणनेत दिसत नाही. शिवाय कोणत्या रानात शोधायचे तेही आधी ठरवावे लागते. पुष्कळ वर्षे त्यासाठी अलेक्सा या कंपनीची लोकप्रिय संकेतस्थळांची क्रमवारी घेतली जाई. ती सेवा मे २०२२ मध्ये बंद पडल्यावर यादी बदलावी लागली.

यादीचे महत्त्व पनवेलकरांना सांगायला नको. कळंबोलीच्या चौकात उभे राहून वाहने मोजली तर पनवेल हे मालमोटारींचे गाव ठरेल. रेल्वे स्थानकाबाहेर मोजली तर रिक्षांचे. दोन्ही मोजण्या प्रामाणिक, पण गाव एकच.

छेद बदला, कथा बदलते

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. या संस्थेच्या अलीकडच्या आकड्यांनुसार तपासलेल्या सर्व संकेतस्थळांपैकी सुमारे ४३ टक्के वर्डप्रेसवर आहेत. पण सुमारे २९ टक्के संकेतस्थळांवर कोणत्याच ज्ञात प्रणालीची खूण सापडत नाही. ती वगळली तर उरतात ७१. शंभर गुणिले ४३ भागिले ७१, म्हणजे साधारण ६० टक्के. तक्त्यातला आकडा हा. या ७१ मध्ये शॉपिफाय, विक्स अशा बंद व्यापारी सेवाही आहेत, आणि आज वर्डप्रेसच्या मागोमाग जूमला-ड्रुपल नसून त्याच आहेत. उलट, फक्त आपल्या तीन मुक्तस्रोत प्रणालींतच वाटणी केली, तर वर्डप्रेसचा वाटा नव्वदच्याही वर जातो.

४३, ६० आणि ९० हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. अंश एकच, छेद तीन. छेद न सांगता दिलेली टक्केवारी म्हणजे एकक न लिहिलेले उत्तर. परीक्षेत आपण त्याचे गुण कापतो, छापील तक्त्यात मात्र डोळे मिटून स्वीकारतो.

याहून मोठी गंमत काळाच्या तुलनेत आहे. २०११ च्या आरंभी याच संस्थेच्या पाहणीत सर्व संकेतस्थळांपैकी सुमारे १३ टक्के वर्डप्रेसवर होती. तेरावरून त्रेचाळीस, म्हणजे तिपटीहून अधिक वाढ! आता दुसरा छेद घ्या. तेव्हा ज्ञात प्रणाली वापरणारी संकेतस्थळे होती सुमारे २४ टक्के. त्यांतला वर्डप्रेसचा वाटा येतो ५५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंचावन्नवरून साठ. एकाच विदेतून एक जण ‘झंझावात’ असा मथळा देईल, दुसरा ‘फारसा बदल नाही’ असा. खरा बदल निराळाच आहे. हाताने पाने रचण्याची जुनी रीत मागे पडली आणि सीएमएस वापरणाऱ्यांचे प्रमाण २४ वरून ७१ टक्क्यांवर गेले. वर्डप्रेस या भरतीबरोबर वर आले आणि त्याने आपली जागा थोडी वाढवली. ‘वर्डप्रेसने इतरांचे वापरकर्ते पळवले’ असा निष्कर्ष नुसत्या पहिल्या आकड्यावरून काढता येत नाही.

प्रत्येकाला एक मत

या मोजणीचा आणखी एक दोष मराठी वाचकाला जवळचा वाटेल. १९९६ मध्ये सुरू झालेली ‘मायबोली’, २००७ मधले ‘मिसळपाव’, नंतरचे ‘ऐसी अक्षरे’ ही मराठी संकेतस्थळे ड्रुपलच्या आधाराने चालत आली. शेकडो सभासदांनी लिहायचे, प्रत्येकाचे खाते वेगळे आणि अधिकार वेगळे, अशा कामाला ड्रुपलची घडण सोयीची होती. गणनेत मात्र असे प्रत्येक संकेतस्थळ म्हणजे एक. वर्षानुवर्षांचे मराठी लेखन पोटात असलेले स्थळही एक, आणि एखाद्या दुकानाने एकदा करून विसरून गेलेले चार पानांचे स्थळही एक. उलट, वर्डप्रेस डॉट कॉमच्या पोटात नांदणारी असंख्य छोटी संकेतस्थळे ही संस्था मिळून एकच धरते. संख्येचा उपयोग आहे, पण तिने उपयुक्ततेचे वजन होत नाही.

मग लोकप्रियतेला काहीच अर्थ नाही का? आहे. प्रणाली बहुतांनी वापरलेली असली की ती जाणणारा माणूस पनवेलमध्येही सापडतो, मराठी भाषांतर मिळते, अडचणींची उत्तरे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. त्याचबरोबर गर्दीत खिसेकापूही येतात. मात्र कमी प्रचलित असणे म्हणजे सुरक्षित असणेही नव्हे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. घोषणेपासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ हल्लेखोरांच्या हाती गेले आहे असेच समजावे, असा इशारा ड्रुपलच्याच सुरक्षा गटाला द्यावा लागला. सात तास! आपल्या शाळेत रविवारी हे कोण करणार, हा प्रश्न कोणत्याही टक्केवारीहून मोठा आहे.

आणि मोठ्या वाट्याने निर्धास्तही होता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यात वाद पेटला. त्या कंपनीचा वर्डप्रेसच्या पूरक आज्ञावल्यांच्या मध्यवर्ती भांडाराशी असलेला संबंध काही काळ तोडला गेला. संहिता मुक्त असली तरी ती पुरवणारे नळ मोजक्या हातांत असू शकतात.

आमचे उत्तर

दोन आठवड्यांनी बैठक पुन्हा बसली. टक्क्यांचा कागद बाजूला ठेवून आम्ही चार प्रश्न फळ्यावर लिहिले. आपला सर्व मजकूर दुसरीकडे नेता येईल अशा रूपात बाहेर काढता येतो का? संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या नावावर नोंदलेला असेल? सुधारणा बसवणारी माणसे शाळेत कोण? आणि ती बदलून गेली तर?

शेवटी वर्डप्रेसच निवडले. सर हसून म्हणाले, “मग माझा तक्ता बरोबरच होता की!” बाई म्हणाल्या, “उत्तर बरोबर, रीत चूक. निम्मे गुण.” रीत महत्त्वाची अशासाठी की पुढच्या वेळी उत्तर वेगळे असू शकते. पत्ता शाळेच्या नावावर घेतला, दोन शिक्षक आणि एक लिपिक सुधारणा बसवायला शिकले, आणि दर सत्राच्या शेवटी सर्व मजकुराची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवायची असे ठरले. पर्जन्यमापकाची वही पुन्हा सुरू झाली आहे. ती आता रद्दीत जात नाही.

शिक्षकांनी हा विषय नववी-दहावीच्या वर्गात जरूर घ्यावा. मुलांना शाळेबाहेरच्या दोन निरनिराळ्या ठिकाणी अर्धा-अर्धा तास वाहने मोजायला सांगावे आणि ‘आपल्या गावातले सर्वांत लोकप्रिय वाहन कोणते’ यावर दोन गटांत वाद घडवावा. वाद रंगला की छेदाची गोष्ट काढावी. पुढे कोणीही टक्केवारी पुढे केली, तर ‘कशाच्या?’ हा एक शब्द मुलांच्या ओठांवर आपोआप यावा. एवढे झाले तरी तास सत्कारणी लागला असे आम्ही समजू.