मागच्या सीटची गाडी

अक्काच्या गॅरेजात छताला एक दोरी बांधलेली आहे आणि दोरीच्या टोकाला टेनिसचा बॉल. गाडी आत घेताना तो बॉल पुढच्या काचेला टेकला की थांबायचं. वीतभर पुढं गेली तर गाडी भिंतीवर, थोडी मागं राहिली तर दार गाडीच्या पाठीवर. ही व्यवस्था दाजींनी केली होती. गाडी जवळजवळ अठरा फूट लांब आहे आणि साडेसहा फूट रुंद. बेळगावात माझं स्वयंपाकघरही एवढं लांब नाही.

2018 च्या सप्टेंबरात मी मिशिगनला गेले होते. दाजी जाऊन वर्ष होत आलं होतं. अक्का नोव्ही गावात एकटी राहते. भाचा म्हणत होता गाडी विकून टाकू, भाची म्हणत होती बाबांची आठवण आहे, राहू दे. अक्का दोघांनाही काही बोलत नव्हती. मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी चहा पिताना म्हणाली, "तू पुस्तकांवर लिहितीस नव्हं? मग या गाडीवर सांग की. ठेवू का विकू?"

मला गाडीतलं काय कळतंय, असं म्हणून मी हसले. पण तीन आठवडे त्याच गाडीतून फिरले, आणि सवयीनं मनात टिपणं काढत राहिले. पुस्तक हातात आलं की मी आधी एकच बघते, हे कुणासाठी लिहिलंय. गाडीलाही तोच प्रश्न विचारला.

गाडीचं नाव लिंकन टाउन कार, 2003 चं मॉडेल. लिंकन ही कंपनी 1917 मध्ये हेन्री लेलंड यांनी काढली आणि अध्यक्ष लिंकन यांचं नाव तिला दिलं. 1922 मध्ये ती फोर्डनं घेतली. 'टाउन कार' हा शब्द त्याहून जुना. पूर्वी ज्या मोटारीत मालक छपराखाली बंद डब्यात बसायचे आणि चालवणारा पुढं उघड्यावर, ऊन-पाऊस खात बसायचा, त्या मोटारीला टाउन कार म्हणत. हे कळल्यावर मला गाडीची निम्मी समीक्षा तिथंच सापडली. पुढच्याच्या डोक्यावर छप्पर कधीच आलं, पण गाडीचं मन मागच्या सीटवरच राहिलं.

आणि मागची सीट काय सांगू! पहिल्यांदा बसले तेव्हा मला आमच्या अण्णांची अँबेसिडर आठवली. तिच्यातून आम्ही स्तवनिधीला जायचो, एकदा श्रवणबेळगोळलाही गेलो. पुढं अखंड सीट, गिअर स्टिअरिंगपाशी, पुढं तिघं, मागं चौघं, मांडीवर पोरं वेगळी. टाउन कारमध्येही पुढं सलग सीट आहे आणि गिअरची दांडी स्टिअरिंगलाच. फक्त अँबेसिडरमध्ये खड्डा आला की सगळ्यांना कळायचा. या गाडीत खड्डा आला की तो फक्त गाडीला कळतो. भाच्यानं कारण समजावलं. आजकालच्या बहुतेक मोटारींचं अंग आणि सांगाडा एकच असतो. हिचं तसं नाही. खाली ट्रकसारखी पोलादी चौकट, तिच्यावर रबराच्या गाद्या, आणि त्यांवर गाडीचं अंग ठेवलेलं. रस्त्याचा आवाज आणि थरथर त्या रबरातच बरीचशी विरते. मागच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. मागं माणसं बसली, डिकी भरली की एक लहानसा पंप त्यांत हवा भरतो आणि गाडी पुन्हा सपाट करतो. म्हणजे मागं कितीही पाहुणे बसले तरी गाडी कंबरेत वाकत नाही. घरात अशी एक तरी सून असतेच.

साडी नेसणाऱ्या बाईनं या गाडीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुरुष ती लिहिणार नाहीत. भाच्याची उंच गाडी आहे. तिच्यात चढताना एका हातानं निऱ्या, एका हातानं दांडी आणि पाय गुडघ्याच्या वर, अशी कसरत. टाउन कारमध्ये दार उघडायचं, पाठ करून टेकायचं, पाय आत घ्यायचे. संपलं. आत जाताना निरीही मोडत नाही. उतरताना मात्र गाडी सोडत नाही. सीट इतकी मऊ आणि बसकी की साठीच्या गुडघ्यांना उठायला दाराचा आधार घ्यावाच लागतो. आणि मागं मधल्या जागेवर बसणाऱ्याच्या पायाखाली उंचवटा आहे, कारण इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना, म्हणून तो दांडा गाडीच्या पोटातून जातो. तिघी बसल्या तर मधलीचे गुडघे हनुवटीला. ती जागा कुणाला मिळते हे तुम्हाला मी सांगायला नको.

डिकीबद्दल तक्रार नाही. एकवीस घनफूट. माझ्या दोन मोठ्या बॅगा, चटणी-लोणच्याचा डबा, आणि तरी आत एक मूल लपेल एवढी जागा.

पण कौतुक इथं थांबवते. फोर्डनं याच चौकटीवर क्राउन व्हिक्टोरिया काढली, जी वर्षानुवर्षं तिकडे पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी होती, आणि मर्क्युरी ग्रँड मार्क्विसही. कणीक एकच, एकीची पोळी, दुसरीची पुरी. टाउन कारला तूप जास्त लावलंय इतकंच. ते तूप म्हणजे मुख्यतः कातडी सीट.

इथं मला आपल्या बायकांशी जरा मोकळं बोलायचंय. दशलक्षण चालू होतं. फार्मिंग्टन हिल्सच्या जैन मंदिरात आम्ही रोज जायचो. अक्का दारात गाडी लावायची, आपली कातडी पर्स काढून सीटवर ठेवायची आणि आत जायची. मंदिरात कातडं न्यायचं नाही, बरोबर. पण ज्या सीटवर ती पर्स ठेवायची ती सीट कसली? आणि त्या सीटवर बसूनच तर आपण आलो! मी दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी बोलले. अक्का म्हणाली, "गाडी घेतली तेव्हा हे म्हणालेच होते. पण या गाडीला कापडाची सीट मागून मिळंना." 1980 च्या दशकातल्या टाउन कारला मखमलीसारखं जाड कापड मिळायचं. पुढं कातडं म्हणजेच श्रीमंती असं ठरलं असावं.

गंमत बघा. सीटचा बसायचा भाग तेवढा कातड्याचा आहे, बाजू आणि पाठ बेमालूम रेक्झिनची. मी बोट फिरवून फिरवून बघितलं, सांधा कुठं आहे हे दिसत नाही. ज्यांना एवढं हुबेहूब रेक्झिन करता येतं त्यांनी जनावराच्या कातडीशिवाय गाडी पुरी का केली नाही? अण्णांच्या अँबेसिडरला साधं रेक्झिन होतं, उन्हात मांड्या भाजायच्या, पण मन भाजत नव्हतं. कृत, कारित, अनुमोदना, हे तिन्ही आपण लहानपणी पाठशाळेत घोकलंय. मी मारलं नाही, मी मारायला सांगितलं नाही, ठीक. पण बसून "वा, काय मऊ!" म्हणाले, ते कशात जमा करायचं? अक्कानं आईची जुनी वाकळ मागच्या सीटवर पसरली होती. वाकळीनं अंगाला गार लागत नाही हे खरं. खाली काय आहे ते बदलत नाही, हेही तिला मी सांगितलं. तिला ते आवडलं नाही. पण मत विचारलंस तर ऐक की, असं म्हटलं.

पेट्रोलचं थोडक्यात सांगते. आठ सिलिंडरचं, 4.6 लिटरचं इंजिन आणि जवळजवळ दोन टन वजन. या गाडीच्या अखेरच्या वर्षांतला सरकारी आकडा गावात गॅलनला 16 मैल आणि हमरस्त्यावर 24. आपल्या हिशेबात लिटरला सात आणि दहा किलोमीटर. दूध आणायला एकटीनं दोन टन लोखंड हलवायचं, हा परिग्रह नाही तर काय?

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. दाजींनी ही गाडी 2005 मध्ये आईसाठी घेतली, एका म्हाताऱ्या जोडप्याकडून वापरलेली. आई तेव्हा पंचाहत्तरीची, दोन्ही गुडघे गेलेले, आणि सहा महिने तिकडे राहणार होती. हीच गाडी का, तर बांधली गेली तो विक्समचा कारखाना घरापासून अगदी जवळ, नोव्हीला लागूनच. दाजींना त्याचं अप्रूप होतं. (2007 मध्ये तो बंद झाला, गाडी कॅनडात ओंटारिओच्या सेंट थॉमसला बनू लागली.) दाजी पुढं बसायचे, मागं आई आणि अक्का. आई म्हणायची, "जावई माझा ड्रायव्हर झालाय, पाप लागंल मला." दाजी आरशातून हसायचे. आई गेली. मग मागं अक्का एकटी बसायला लागली, कारण पुढं बसलं की दाजी म्हणायचे, "जा मागं, आरामात बस." तीस-पस्तीस वर्षं नोकरी आणि घर करून दमलेल्या बाईला नवऱ्यानं दिलेली ती जागा होती.

आता ती पुढं बसते. उंची पाच फूट. या गाडीत एक सोय आहे, बटण दाबलं की ब्रेक आणि अॅक्सिलेटर दोन्ही आपल्याकडं सरकतात. बुटक्या बाईचा विचार कुणीतरी केला होता, त्याला नमस्कार. पण तेवढंच. बॉनेटचं टोक तिला दिसत नाही, वळण घेताना स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं आणि चाक नेमकं कुठं आहे ते हाताला कळत नाही. अमेरिकेतले गाडी-समीक्षक जिला तरंगणं म्हणून नावं ठेवायचे, तीच गोष्ट मागच्याला पाळणा वाटते आणि पुढच्याला धाकधूक. एकाच गुणाची ही दोन टोकं आहेत, आणि अक्का आता दुसऱ्या टोकाला आहे.

त्यात मिशिगनचा बर्फ. जोर मागच्या चाकांना आणि वजन पुढं, म्हणून मागची चाकं बर्फात घसरतात. लोक डिकीत वाळूच्या पिशव्या ठेवतात. दाजी तांदळाची पोती ठेवायचे, वाळू वाया कशाला घालवायची म्हणून! गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा असते, ती या गाडीला शेवटपर्यंत आली नाही. सप्टेंबर 2011 पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. शेवटची टाउन कार त्याच्या थोडंच आधी, त्या ऑगस्टमध्ये कारखान्यातून बाहेर पडली. बंद पडायला कारणं इतरही होती. पण मला अक्काशी मतलब. अडुसष्ट वर्षांची बाई, एकटी, जानेवारीत, रात्री भजनाहून परत येताना.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गॅरेजात उभ्या होतो. मी सांगितलं. मागं बसणाऱ्यासाठी याहून चांगली गाडी मी पाहिली नाही, आणि तुझ्यासाठी याहून वाईटही पाहिली नाही. तू हिची मालकीण आहेस आणि हिच्यात तुझी जागा उरलेली नाही. वीक, आणि बर्फ पडायच्या आत वीक.

अक्का बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मुलगी म्हणती आठवण आहे." मी म्हटलं, "आठवण ती येऊन चालवणार आहे का?" जरा कडकच बोलले. विमानात बसल्यावर वाटलं, असं नको होतं बोलायला. पण मत मागं घेतलं नाही, आजही घेत नाही.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. गाडी विमानतळावर भाडी मारणाऱ्या एका चालकानं घेतली. हवेच्या पिशव्या जुन्या झाल्यात म्हणून किंमत पाडून मागत होता, भाच्यानं जास्त ताणलं नाही. तो चालक पहिल्यांदा मागं जाऊन बसला, पाय पसरून बघितले आणि खूश झाला, असं अक्का सांगत होती. तिनं लहान गाडी घेतली आहे, कापडाच्या सीटची. त्यासाठी दुकानात दोनदा सांगावं लागलं, तो पोरगा सारखा कातड्याचीच दाखवत होता. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये गिअर आणि कप ठेवायच्या खोबणी आहेत. "तू आलीस की आपण दोघी पुढं लागून बसू शकणार नाही," म्हणाली. वाकळ धुऊन कपाटात ठेवलीय. तांदळाची पोती या वर्षी आणलीच नाहीत.