ख्रिस्तपुराण : पाच-सात ओव्यांच्या पलीकडे

मराठीच्या थोरवीची गोष्ट निघाली की फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव हटकून घेतले जाते. एका इंग्रज पाद्रीने चारशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेला रत्नाची उपमा दिली, याचा आनंद कोणाही मराठी माणसाला व्हावा. आम्हालाही होतो. परंतु जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून भाषास्तुतीच्या पाच-सात ओव्या उचलायच्या आणि उरलेली पोथी बासनात बांधून ठेवायची, ही रीत आम्हाला पटत नाही. याला गौरव म्हणता येईल, वाचन म्हणता येणार नाही. ज्या चर्चने हा ग्रंथ जन्माला घातला त्या चर्चचा इतिहास बाजूला ठेवून 'ख्रिस्तपुराण' वाचता येत नाही, हेच आम्हाला येथे मांडायचे आहे.

स्टीफन्स जेजुइट पंथाचे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये गोव्यातच वारले. उभे आयुष्य त्यांनी साष्टीच्या खेड्यापाड्यांत घालवले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. भाषाशास्त्रज्ञांनी ही गोष्ट सिद्ध करण्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे. माणसाचा कान किती तयार होता हे यावरून कळते. लोकांची बोली कोकणी, पण पोथीची भाषा मराठी, हा भेदही त्यांनी अचूक ओळखला. म्हणून प्रश्नोत्तरांचे धर्मपुस्तक त्यांनी कोकणीत लिहिले आणि पुराण मराठीत. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. ही भाषा तिच्या स्वतःच्या लिपीत छापू द्यावी, अशी विनंती त्यांनी १६०८ मध्येच रोमला पत्र पाठवून केली होती. ती फळाला आली नाही.

इथवरची हकिकत सुखाची आहे. पुढची तशी नाही. ज्या १५८३ साली स्टीफन्स भावाला भाषेविषयी लिहीत होते, त्याच वर्षी जुलैत साष्टीतील कुंकळ्ळी गावी पाच जेजुइट मारले गेले. त्यांत रुदोल्फ अक्वाविवा होते. हे नाव आमच्या वाचकांना अकबराच्या दरबारातून माहीत असेल. १५८० पासून तीन वर्षे ते फत्तेपूर सिक्रीत राहिले आणि इबादतखान्यात मुल्ला-मौलवींशी त्यांनी वाद घातले. तिथे त्यांच्याजवळ शब्दाखेरीज दुसरे बळ नव्हते. वाद कडवट झाला, पण माणूस सुखरूप परतला. कुंकळ्ळीत मात्र ते देवळे पाडणाऱ्या सत्तेच्या सोबतीने पोहोचले आणि गावाने त्यांना त्या सत्तेचाच भाग मानले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दगा देऊन ठार केले. मेलेल्या पाद्रींचे देह परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामी स्टीफन्स होते. मराठीची स्तुती लिहिणाऱ्या हातांनी आधी हेही पाहिले होते.

आता ग्रंथाकडे येऊ. पुराणाच्या आरंभी नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हाला का देत नाही? आमच्या मते साऱ्या ग्रंथाची किल्ली या प्रश्नात आहे. चर्चने एका हाताने पोथी काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने दिली. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. जुन्या पोथ्या घरात ठेवणे धोक्याचे झाले होते. श्रवणाची सवय मात्र हुकमाने जात नाही. संध्याकाळी चार माणसांनी जमावे, एकाने ओवी गावी, इतरांनी ऐकावे, ही भूक उरलीच. त्या भुकेसाठी स्टीफन्स यांनी ताट वाढले. ते प्रेमाने वाढले, यात आम्हाला शंका नाही. पण भूक कोणी निर्माण केली, हा प्रश्न समीक्षेने टाळता कामा नये.

शेख महंमद श्रीगोंदेकरांचा 'योगसंग्राम' याच शतकातला. तोही ओवीबद्ध. शेख महंमद स्वतःला अविंध म्हणवून घेतात आणि संतांच्या शब्दांत आपला अनुभव सांगतात. त्यांच्याही मुलखात मुसलमानांची सत्ता होती, हे आम्ही लपवीत नाही. फरक इतकाच, की त्यांची ओवी कोणत्याही हुकमाच्या मागून आली नाही. ती मागण्यासाठी कोणाची पोथी आधी हिरावली गेली नव्हती.

तरीही 'ख्रिस्तपुराण' केवळ प्रचाराची पोथी म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण भाषेने लेखकावर मात केली आहे. स्वर्गासाठी स्टीफन्स 'वैकुंठ' लिहितात. ज्या देवाला हद्दपार करायचे त्याचे घरच त्यांना उसने घ्यावे लागले! ग्रंथाचे दोन भाग आहेत : पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. गुरू सांगतो आणि श्रोते शंका विचारतात, हा बाज अस्सल इथला आहे. जिथे मूर्तिपूजेचे खंडन चालते तिथे ओवी कोरडी होते. तिथे पाद्री बोलतो. जिथे क्रुसावरचे मरण आणि आईचा शोक येतो तिथे कवी बोलतो. मग मरिया गालीलची राहत नाही, साष्टीच्या कुठल्याही अंगणातली आई होते. लेखकाने लोकांना धर्म दिला, पण लोकांच्या भाषेने त्या धर्माला देह दिला.

नेमकी हीच गोष्ट सत्तेला भावली नाही. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. १६१६, १६४९, १६५४ अशा तीन आवृत्त्या निघालेल्या पुराणाची छपाई थांबली. ग्रंथ जगला तो मुख्यतः हस्तलिखितांतून. पुढे गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनीही त्याच्या नकला जपल्या. हाच समाज १७८४ मध्ये टिपू सुलतानाने कैद करून श्रीरंगपट्टणला नेला. इतरांच्या सत्तेचा हिशेब मांडताना हे पान आम्ही उलटून टाकले, तर आमचा हिशेब खोटा ठरेल. त्याच मंगळुरात १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी पुराण पुन्हा छापले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी प्रत काढली. म्हणजे १६०८ च्या पत्रातली लिपीची मागणी मराठी वाचकापुरती पुरी व्हायला साडेतीनशे वर्षे लागली.

रोमलाही वेळ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. आज वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादक राहिलेले, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा धर्मप्रसारकाला हे पद कसे, असा आक्षेप काहींनी घेतलाच. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. आक्षेप गेला नाही.

तो आक्षेप आम्हालाही परका नाही. 'तुम्ही इतके चांगले मराठी कसे लिहिता?' असे आम्हाला कौतुकाने विचारले जाते, तेव्हा त्या कौतुकात एक दार अर्धे लावलेले असते. स्टीफन्स यांच्या पाच-सात ओव्यांचे कौतुकही त्याच जातीचे आहे. पाहुण्याने घराची स्तुती केली की घरधन्याला बरे वाटते. पण 'ख्रिस्तपुराण' ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, गायले, उतरवून घेतले ते लोक पाहुणे नव्हते. या ग्रंथाचा राग धरावा अशी कारणे त्याच्यात आहेत आणि प्रेम करावे अशीही आहेत. दोन्ही पोथीतच आहेत. म्हणून बासन सोडावे आणि पहिल्या ओवीपासून वाचायला बसावे.