वाङ्मयांतील वार्धक्य आणि हिमोफिलिया

जुन्नर किंवा आंबेगांव तालुक्यांतील कोणत्याही गांवीं एखाद्या वृद्ध गृहस्थाची चौकशी केली, तर उत्तर बहुधा दोहोंपैकीं एक मिळतें: 'हिंडतेफिरते आहेत' किंवा 'आतां थकले.' वार्धक्याचें सारें शरीरशास्त्र आपल्या लोकभाषेनें या दोन बोलांत आटोपलें आहे. आणि ज्या डोंगराळ मुलखांत शेतापर्यंत चालत जाणें हीच प्रकृतीची परीक्षा, तेथें तें स्वाभाविकही आहे. परंतु यांत एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. जो आज थकला तो पूर्वीं धडधाकट होता, असें भाषा मानून चालते.

आमचें वाङ्मयही तेंच मानतें. शिरवाडकरांचें 'नटसम्राट' (1970) घ्या. लिअर राजाच्या छायेंत उभे असलेले अप्पासाहेब बेलवलकर वैभवाच्या शिखरावरून खालीं येतात, आणि प्रेक्षकांचें काळीज हलतें तें त्या उंचीमुळें. दळवींच्या 'संध्याछाया' नाटकांतील वृद्ध जोडप्याचें दुःख दूर गेलेल्या मुलांचें आहे. दोन्ही कृति थोर आहेत, याविषयीं वाद नाहीं. पण त्यांत म्हातारपण म्हणजे नात्यांची झीज. गुडघ्यांची झीज पडद्यामागेंच राहते. वर्गांत 'लिअर' शिकवितांना आम्हीही वार्धक्य म्हणजे पतन, असेंच सांगत आलों.

या समजुतीला छेद देणारा एक म्हातारा आहे: हिमोफिलियाचा. रक्त गोठण्यास लागणारा आठवा किंवा नववा घटक जन्मतःच उणा असण्याचा हा रोग बहुधा पुरुषांस होतो व बहुधा आईकडून येतो. त्याच्या तीव्र प्रकारांत दुखापतीवांचूनही गुडघे, घोटे आणि कोपर यांत रक्तस्राव होतो, आणि तो वारंवार झाला म्हणजे सांधा कायमचा आखडतो.

या रोगाविषयींच्या प्रसिद्ध वाङ्मयाचा नायक मात्र बालक आहे. रॉबर्ट मॅसी यांचा 'निकोलस अँड अलेक्झांड्रा' हा ग्रंथ 1967 सालीं निघाला. स्वतःच्या मुलास हाच रोग असल्यामुळें मॅसी रशियाच्या युवराजाकडे वळले. तो युवराज अलेक्सी 1918 सालीं मारला गेला, तेव्हां चौदा वर्षांचाही नव्हता. मॅसी पतिपत्नींचें 'जर्नी' (1975) हेंही मुलगा वाढविण्याचीच कथा सांगतें. यांत लेखकांचा दोष नाहीं. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड 1884 सालीं एकदां पडल्याचें निमित्त होऊन तिसाव्या वर्षीं गेला. या रोगाला म्हातारपण असें बहुधा नव्हतेंच. 1964-65 च्या सुमारास ज्युडिथ पूल यांनीं गोठविलेल्या रक्तद्रवांतून आठवा घटक काढण्याची सोपी रीत दिली. पुढें 1980 च्या दशकांत दूषित औषधांतून एड्स आणि यकृताचे विषाणु यांनीं जगभर पुष्कळांस गांठलें. आपल्याकडे तर अनेकांनीं औषधावांचून, बर्फ आणि विश्रांति यांवरच दिवस काढले. या सर्वांतून जे वांचले, त्यांतील कित्येक आज साठीच्या घरांत आहेत. हे शिखरावरून उतरलेले नव्हेत. त्यांचें वार्धक्य ही त्यांची कमाई आहे.

त्यांना मापावयाचें कसें, येथें वैद्यकाचीही पंचाईत होते. 2001 सालीं लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं वृद्धांची क्षीणता ओळखण्याच्या पांच खुणा सांगितल्या: नकळत वजन घटणें, थकवा, मुठीचें दौर्बल्य, मंद चाल आणि कमी हालचाल, पैकीं तीन दिसल्या कीं मनुष्य क्षीण समजावा. सामान्य वृद्धाला हें माप ठीक. पण ज्याचें कोपर विसाव्या वर्षीं आणि गुडघा तिसाव्या वर्षीं आखडला, तो त्या मापानें तरुणपणींच क्षीण ठरूं शकेल. याच्या उलट चूक अधिक घातक आहे. घरचे म्हणतात, 'त्यांचें तें पहिल्यापासूनच आहे'. आणि साठीनंतर नव्यानें आलेली क्षीणता जुन्या लंगडेपणाच्या खात्यावर मांडली जाते. पडण्याच्या भीतीनें तो चालणें सोडतो. न चालल्यानें स्नायु झिजतात. स्नायु झिजल्यानें तो पडतो. आणि पडल्यावर रक्त लवकर थांबत नाहीं. हें चक्र प्रथम दिसावयास हवें तें घरच्यांनाच. कारण जुन्नरहून पुणें सुमारें 90 किलोमीटर दूर.

कोणी म्हणेल, याचा वाङ्मयाशीं काय संबंध? आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्याला शब्द नाहीं तें घरांत दिसत नाहीं. 2016 च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें 21 प्रकारांत हिमोफिलियाची गणना केली. कायद्याला जें दिसलें तें लेखकांना दिसूं नये काय? या माणसाची तुलना धडधाकट शेजाऱ्याशीं नव्हे, तर त्याच्याच गेल्या वर्षाशीं करावयाची. गेल्या दिवाळींत पारापर्यंत यावयास त्याला किती वेळ लागे, आणि यंदा किती लागतो? चांगला कादंबरीकार माणसाकडे असाच पाहतो.

आपल्याकडे साठी शांत करितात. बहुतेक घरीं तो एक रिवाज असतो. पण ज्या घरीं रांगत्या मुलाच्या प्रत्येक पडण्यानें आईचा जीव टांगणीला लागला, त्या घरीं त्याची साठी म्हणजे काय असेल, हें लिहिणारा मराठी लेखक आमच्या वाचनांत अजून आला नाहीं. तो येईल तेव्हां त्यानें करुणरसाची घाई करूं नये, एवढीच आमची विनंति.