‘मात्रा’ या संज्ञेचा अर्थविचार : मेंदूतील दुय्यम कर्करोगावरील उपचाराच्या संदर्भात

शास्त्रीय संज्ञेचे परीक्षण करताना ती मूळ परभाषिक शब्दाशी जुळते की नाही, एवढेच पाहण्याचा प्रघात आहे. मराठी भाषकाच्या मनात आधीच रुजलेल्या अर्थांशी तिचा संबंध कसा येतो, हा प्रश्न सहसा मागे राहतो. ‘डोस’साठी रूढ झालेली ‘मात्रा’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. कारण अन्य अवयवांतून मेंदूत पसरलेल्या कर्करोगावरील रेडिओसर्जरीत रुग्ण जी संमती देतो, ती बव्हंशी या शब्दाच्या आकलनावर अवलंबून असते.

मराठीत ‘मात्रा’ मुळात वैद्याची. हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवावयाची. ती लागू पडते, किंवा तिची ‘मात्रा चालत नाही’. या वापरात दोन गृहीते दडलेली आहेत : मात्रा म्हणजे गुण देणारी वस्तू, आणि रोग बळावला की मात्राही वाढवावयाची. बोलीतला ‘डोस’ पत्करला तरी ही गृहीते सुटत नाहीत.

स्वीडिश शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये प्रचारात आणलेली रेडिओसर्जरी ही दोन्ही गृहीते उलटविते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका बहुकेंद्री अभ्यासाने एका बैठकीसाठी पुढील आकडे दिले : दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीस २४ ग्रे, दोन ते तीन सेंटीमीटरच्या गाठीस १८, तीन ते चार सेंटीमीटरच्या गाठीस १५. गाठ मोठी, तर आकडा लहान! कारण गाठ वाढली की तिच्या भोवतीचा निरोगी मेंदूही अधिक प्रमाणात किरणांच्या टापूत येतो व तेथील पेशीनाशाचा धोका वाढतो. शिवाय हे आकडे गुण किती येतो यावरून ठरलेले नाहीत. पूर्वी किरणोपचार झालेला मेंदू किती सोसतो, यावरून ठरले आहेत. शब्द औषधाचे बळ सुचवितो. आकडा मात्र सहनशीलतेची मर्यादा सांगतो.

मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात १९९७ मध्ये गॅमा नाइफ हे यंत्र आले. उपनगरात, अंधेरीस २००९ मध्ये सुरू झालेल्या कोकिळाबेन रुग्णालयातही रेडिओसर्जरी केली जाते. बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील कुटुंबांच्या बोलण्यात किरणोपचार म्हणजे ‘लाईट’ किंवा ‘शेक’. वस्तुतः २४ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅममागे २४ जूल. एवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान सुमारे ०.००६ अंश सेल्सिअसने वाढेल. पेशी मरते ती भाजून नव्हे, तिच्यातील डीएनए तुटल्यामुळे. अशा भाषिक वातावरणात शेजारच्या रुग्णाच्या लहान गाठीस २४ आणि आपल्या वडिलांच्या साडेतीन सेंटीमीटरच्या गाठीस १५, असे ऐकून मुलाने त्यात काटकसर वा हयगय पाहिली, तर दोष त्याच्या बुद्धीचा म्हणता येणार नाही.

यावर ‘शोषित ऊर्जा’ असा नवा शब्द घडवावा, असे कोणी सुचवील. तो बिनचूक ठरेल. पण कुटुंबाची शंका त्याने फिटणार नाही. खरी उणीव शब्दात नसून वाक्यात आहे. भारतीय शाब्दबोधमीमांसेने वाक्यास ‘आकांक्षा’ आवश्यक मानली आहे. ‘मात्रा २४ ग्रे’ या विधानाची आकांक्षा अपुरी राहते. कोठे? गॅमा नाइफमध्ये कडेला २४ ग्रे देताना गाठीच्या मध्यभागी पुष्कळदा त्याच्या दुप्पट, म्हणजे ४८ ग्रे, पोहोचतात. किती बैठकांत? तीन बैठकांत दिलेले २७ ग्रे हे एका बैठकीतील २४ ग्रेपेक्षा ‘अधिक’ ठरत नाहीत. दोहोंची नुसती अंकगणिती तुलनाच अयोग्य होय. आणि शेजारच्या मेंदूस किती?

‘गाठीच्या कडेस १५ ग्रे, एकाच बैठकीत, गाठ मोठी असल्याने भोवतीचा मेंदू राखण्यासाठी आकडा कमी’ हे मराठी वाक्य अवघड नाही. ते उच्चारले गेले, तर ‘मात्रा’ हा जुना शब्दही नव्या अर्थाचा भार वाहू शकेल. ते उच्चारले गेले नाही, तर संमतिपत्रावर सही होईल, पण ती न समजलेल्या आकड्यावरची सही असेल.