बारावीचे संगणकशास्त्र आणि शिकवणीवर्गातील नोट्स : ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा विषय द्विलक्षी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून रुजला. २०० गुणांचा हा विषय स्वीकारणारा विद्यार्थी दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय सोडतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील मराठी कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत सुटणारे विषय बहुधा मराठी आणि जीवशास्त्र हेच असतात. प्रत्येकी ५० गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका आणि उर्वरित १०० गुण प्रात्यक्षिकांचे, या रचनेमुळे ‘टक्केवारी वाढविणारा विषय’ अशी त्याची ख्याती झाली. रेल्वे स्थानकांच्या आसपास वाढलेल्या शिकवणीवर्गांनी ही ख्याती नेमकी हेरली.

या वर्गांचे खरे वाङ्मय म्हणजे तेथील झेरॉक्स नोट्स. त्यांचा विचार सहसा तुच्छतेने केला जातो. तो अन्याय्य आहे. आटोपशीरपणा, प्रश्ननिहाय मांडणी व मागील प्रश्नपत्रिकांची अचूक जाण हे त्यांचे गुण मान्यच करावे लागतात. दोष अन्यत्र आहे. या नोट्समध्ये प्रोग्रॅम हा निबंधासारखा पाठ करावयाचा मजकूर ठरतो.

‘बायनरी सर्च’चे उदाहरण बोलके आहे. नोट्समध्ये त्याच्या पायऱ्या क्रमाने दिलेल्या असतात आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली असावी, ही अटही पहिल्या ओळीत असते. परंतु ती अट का, याचे उत्तर मिळत नाही. ३, ८, १२, २०, २७, ३५, ४१ या यादीत ३५ ही संख्या दुसऱ्याच तुलनेत सापडते. तीच यादी २७, ३, ४१, १२, ३५, ८, २० अशी विस्कटली, तर मधली संख्या १२ येते. ३५ मोठी म्हणून उजवीकडे जावे, तेथे मधली ८ येते; पुन्हा उजवीकडे जावे, तर केवळ २० उरते. संख्या यादीत असूनही ‘सापडली नाही’ असे उत्तर निघते. हे एकदा स्वतः करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास अट पाठ करावी लागत नाही. नोट्समध्ये नेमक्या याच कृतीला जागा नाही.

आश्चर्य असे की, वर्गात मात्र ती जागा असते. शब्दकोश मध्येच उघडून शब्द मागे की पुढे हे ठरविण्याचा दाखला देत शिक्षक हीच गोष्ट मराठीत उत्तम समजावतात. फळ्यावर आणि कागदावर उतरते ती इंग्रजी पायऱ्यांची मालिका. ज्या विषयासाठी विद्यार्थ्याने मराठी सोडली, तो विषय त्याला समजतो मराठीतच. आणि ती समज परीक्षेपूर्वीच्या रात्री हाताशी असलेल्या कागदावर नसते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याची हानी यात सर्वाधिक होते.

तथापि सर्व दोष शिकवणीच्या माथी मारणे सोयीचे असले तरी योग्य नव्हे. सी प्लस प्लस भाषेचे प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले. त्यात स्थान नसलेली ‘आयोस्ट्रीम.एच’ ही जुनी शीर्षफाईल उत्तरपत्रिकांत त्यानंतरही अनेक वर्षे लिहिली गेली. ८०८५ हा १९७६ सालचा मायक्रोप्रोसेसर अभ्यासक्रमात दीर्घकाळ राहिला. तो जुना असणे हा स्वतःमध्ये दोष नाही, किंबहुना आरंभिक अध्यापनासाठी त्याची साधी रचना उपकारकच आहे. दोष आहे तो तेच ते प्रश्न फिरून विचारण्यात.

कागदावर प्रोग्रॅम लिहून घेणे हेच या पाठांतराचे मूळ असल्याचे काही जण मानतात. अमेरिकेतील ‘एपी कॉम्प्युटर सायन्स ए’ या परीक्षेचा अनुभव या मताला पुष्टी देत नाही. २०२५ मध्ये ती परीक्षा संगणकावर नेण्यात आली. तत्पूर्वी तेथेही विद्यार्थी जावा भाषेतील उत्तरे हातानेच लिहीत. मात्र आवश्यक पद्धतींची यादी प्रश्नपत्रिकेसोबतच पुरविली जाई व समस्या नवी असे. शिकवणी तेथेही चालते; परंतु अशा परीक्षेपुढे निव्वळ पाठांतराची शिकवणी फारशी उपयोगी ठरत नाही. फिबोनाची मालिका वा क्रमगुणित यांचा प्रोग्रॅम जसाच्या तसा मागणारी प्रश्नपत्रिका मात्र झेरॉक्स नोट्सना आपण होऊन आमंत्रण देते.

सुधारणेस वाव आहे तो प्रात्यक्षिकांच्या १०० गुणांत. सध्याच्या जर्नलमध्ये उद्दिष्ट, प्रोग्रॅम व आउटपुट यांची नोंद होते आणि ती बहुशः एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरते. प्रोग्रॅम प्रथम चालला नाही तेव्हा संगणकाने कोणता त्रुटीसंदेश दिला आणि त्यावर काय बदल केला, याची नोंद कोठेही नसते. ही नोंद उसनी घेणे कठीण, कारण प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतात. ती मराठीत लिहिण्याची मुभा दिल्यास वर्गातील मौखिक समजही प्रथमच कागदावर येऊ शकेल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. वर्षभर जर्नल तपासणारा अध्यापक कनिष्ठ महाविद्यालयाचाच असतो.