एक गळा, दोन माणसे

बऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण सारे खंडवा जिल्ह्याचेच. त्यामुळे ४ ऑगस्ट १९२९ रोजी खंडव्यात जन्मलेल्या किशोरकुमारवर आपला हक्क थोडा अधिक, असे म्हणण्यास हरकत नसावी. तरीही नाट्यसंगीतावर कान तयार झालेल्या आपल्या जुन्या घरांतून त्याच्या वात्रट गाण्यांची ‘माकडचेष्टा’ म्हणूनच बोळवण झाली. हा अन्याय आहे.

‘हाफ टिकट’ (१९६२) मधील ‘आके सीधी लगी दिल पे’ पुन्हा ऐकावे. सलिल चौधरींच्या या द्वंद्वगीतातील स्त्री व पुरुष हे दोन्ही आवाज किशोरचेच आहेत. बायकी आवाज काढणारे नकलाकार आपण गणेशोत्सवात पुष्कळ पाहिले; तेवढेच असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. येथे स्त्रीचा आवाज नुसता बारीक नाही, त्याचा स्वभाव निराळा आहे. तो लाडिक आहे, मुरकतो, आणि पुरुषी आवाज त्याला खरोखरच उत्तर देतो. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्यांना स्त्रीभूमिकेतला पुरुषी गळा नवा नाही. हा गळा मात्र घडोघडी लुगडे सोडून धोतर नेसतो, आणि सूर ढळत नाही!

राहुलदेव बर्मन यांनी ‘किताब’ (१९७७) मध्ये पद्मिनी व शिवांगी कोल्हापुरे यांच्या गाण्याला ताल दिला तो शाळेच्या बाकांचा. वर्गातल्या खोडकर मुलाच्या हाताशी तेच वाद्य असते. ‘इजाजत’ (१९८७) मधील ‘कतरा कतरा’त आशाबाईंचा आवाज दोनदा मुद्रित करून एकमेकांवर ठेवला आहे, एक ओळ सरण्याआधी दुसरी उमटते, बाई स्वतःशीच बोलत असल्याचा भास होतो. दोन्ही ठिकाणी युक्तीला गाण्यातूनच कारण मिळाले आहे.

आज संगणकावर घरबसल्या स्वतःच्या आवाजाचे दहा थर चढवता येतात. जोडीला कंगवा, पातेले, सायकलची घंटी. हौस निर्मळ आहे, तिला हसू नये. परंतु अशी गाणी ऐकताना बहुधा दहा आवाज ऐकू येतात आणि माणूस एकच भेटतो. प्रत्येक थर चुका पुसून इतका घोटलेला असतो की पहिल्याने दुसऱ्याला टपली मारावी, दुसऱ्याने चिडावे, असे काही घडतच नाही.

किशोरलाही हे दर वेळी साधले असे नव्हे. ‘बढती का नाम दाढी’ (१९७४) मध्ये वात्रटपणाला आवरणारा कोणी उरलाच नाही, आणि त्यातला धुडगूस, पक्षपाती असूनही, मला शेवटपर्यंत सोसवला नाही.