प्रेम शहरातलं, खोली कुणाची?

मेहकर तालुक्यातल्या आमच्या डोणगावातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेलेली पोरं तिथं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच जण, मेसचा डबा आणि दिवसभर अभ्यासिका. प्रेमात तीही पडतात. पण मराठी सिनेमातल्या पुण्यात ती क्वचितच भेटतात.

सतीश राजवाडेंच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'ने (२०१०) एका दिवसात, दोन माणसांच्या नुसत्या बोलण्यावर सिनेमा तोलून दाखवला. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे पुणंभर फिरतात, भांडतात, आणि आपण ऐकत राहतो. पुढच्या दोन भागांत मात्र गोष्ट लग्न आणि बाळ या वळणाने घरगुती झाली. 'दुनियादारी'ने (२०१३) कट्ट्यावरची मैत्री गाजवली, पण शिरवळकरांच्या कादंबरीला इतकी चकाकी दिली की जुना काळ देखाव्यासारखा वाटतो. 'मुरांबा'तलं (२०१७) ब्रेकअप आईवडिलांसमोर बैठकीच्या खोलीत उलगडतं. सिनेमा गोड आहे, संवाद नेमके आहेत. मात्र ज्याचे आईवडील चारशे किलोमीटरवर सोयाबीन काढताहेत, त्याने ब्रेकअप कुणाला सांगायचं?

जागेचा प्रश्न समीर विद्वांसच्या 'डबल सीट'ने (२०१५) थेट हातात घेतला. लालबागच्या चाळीतल्या नवराबायकोला एकांत नाही. स्वतःचं घर हवं, ही साधी इच्छा तिथं प्रेमकथेचा गाभा होते. बंगालीत आदित्य विक्रम सेनगुप्तांनी 'आशा जाओआर माझे'मध्ये (२०१४) हाच ताण जवळजवळ संवादाविना मांडला: तो रात्री छापखान्यात, ती दिवसा कारखान्यात, आणि भेट जेमतेम काही क्षणांची. आपला सिनेमा एवढं गप्प राहायला अजून घाबरतो. प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून गाणं टाकतो.

माझ्या मते मराठीतली सर्वांत खरी शहरी प्रेमकथा म्हणजे 'सैराट'चा (२०१६) उत्तरार्ध. लोकांच्या डोक्यात 'झिंगाट' राहिलं, पण नागराज मंजुळेंचं खरं काम हैदराबादच्या झोपडपट्टीत आहे. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची लेक तिथल्या खोलीतल्या घाणीने हैराण होते. भाषा परकी आहे. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, आर्ची कारखान्यात कामाला लागते, दोघं भांडतात, तुटायला येतात आणि पुन्हा संसार मांडतात. पळून गेल्यानंतर भाडं, भाकरी आणि संशय यांच्याशी प्रेमाची गाठ पडते, हे इतक्या सावकाश कुणी दाखवलं नव्हतं.

अलीकडे वारं थोडं फिरलंय. जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'मध्ये चंद्रपूरकडच्या सविताला पाहायला पाहुणे येत राहतात. प्रत्येक वेळी तेच प्रश्न, तोच पाट, तेच पोहे. विदर्भाची बोली इथं हसवण्यासाठी वापरलेली नाही, एवढ्यानेच आम्हा वऱ्हाडातल्यांना बरं वाटलं. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ने २०२५ साली सनडान्समध्ये परदेशी कथापटांचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळवला. वडिलांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला बाळ्या या दोन पुरुषांचं प्रेम त्यात कसल्याही गाजावाजाशिवाय येतं.

पण हे दोन्ही सिनेमे गावात घडतात. गावातून पुण्यात गेलेल्याचा सिनेमा अजून यायचाय. तो लिहिणाऱ्याने आधी सदाशिव पेठेतल्या एखाद्या कॉट बेसिसच्या खोलीत महिनाभर राहून यावं.